डॉक्युमेंटरी छायाचित्र स्पर्धेला प्रवेशिका पाठवताना

नियमावली हातात आली की बक्षिसाच्या रकमेआधी हक्कांचं कलम शोधा. स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, छायाचित्रकारच असतो. ‘स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी व प्रदर्शनासाठी वापर’ एवढंच लिहिलं असेल तर बिनधास्त पाठवा. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं असेल तर विचार करा, कारण मग निवड न झालेले फोटोही त्यांचेच होऊ शकतात. हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिलेली नसेल, तर ती कायद्यानं ५ वर्षं धरतात.

मग विषय. तडे गेलेली जमीन, हंड्यांची रांग, बैलजोडीमागचा सूर्यास्त: मराठवाडा म्हटलं की हेच येतं, आणि परीक्षकांनी ते पोटभर पाहिलेलं असतं. दुष्काळ हा विषय नव्हे, तो मथळा आहे. ‘टँकर आल्यापासून जाईपर्यंतची वीस मिनिटं’ हा विषय. ‘हंगामी वसतिगृहातल्या (आईबाप ऊसतोडीला गेलेल्या) पोरांची संध्याकाळ’ हाही विषय.

विषय ठरवताना पंचांग आणि हंगाम दोन्ही पाहावे लागतात. बऱ्याच स्पर्धा १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या आसपास असतात. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा मार्गशीर्षात, पैठणची नाथषष्ठी फाल्गुनात. जुलैत जाहिरात वाचून कामाला लागलेल्याच्या हाती पेरणी आणि वारीच राहते.

प्रवेशिका म्हणजे एका विषयावरच्या फोटोंची मालिका, म्हणून फोटो काढताना पुढची निवड डोक्यात ठेवा. ऊसतोडीचंच घ्या. फड आणि टोळी दिसेल असा एक लांबचा फोटो, तोडणी, मोळी आणि ट्रॉलीत चढाई असे कामाचे दोन-तीन, हातांचा किंवा कोयत्याचा एक जवळचा, कोपीतली (टोळीच्या झोपडीतली) चूल, एखादं व्यक्तिचित्र. आणि जो जवळजवळ सगळे विसरतात तो: मागं राहिलेलं गाव. कुलपं लागलेली दारं, ओट्यावरचे म्हातारे. त्यासाठी दुसरी फेरी मारावी लागते. फडातले तीस फोटो आणि गावातला एकही नाही, अशी मालिका अर्धीच राहते.

काम पहाटे अंधारात सुरू होतं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ३२०० लावा, दाणे दिसले तरी चालतील. फ्लॅश मात्र चुलीचा उजेड मारून टाकतो. चालता कोयता गोठवायचा तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, त्याची गती दाखवायची तर १/३० ते १/६०. मोबाइलवर नाइट मोड बंद ठेवा, कारण तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलणाऱ्या माणसाचा हात विरघळून जातो. पोर्ट्रेट मोड मोळीच्या कडा चुकीच्या पुसतो, ब्युटी फिल्टर तर नकोच.

यात्रेत अडचण वेगळी. उधळलेल्या भंडाऱ्याचा पिवळा उन्हात इतका भडकतो की त्यातला पोत नाहीसा होऊन सपाट डाग उरतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) २/३ स्टॉप खाली ठेवा. लेन्स बदलायची ती गर्दीबाहेर जाऊन. सेन्सरवर बसलेली हळद पुढच्या शंभर फोटोंत दिसते.

संमती हा सगळ्यांत नाजूक भाग. मुकादमानं (टोळी आणणाऱ्या ठेकेदारानं) ‘काढा की’ म्हटलं म्हणजे टोळीची परवानगी मिळाली, असं नाही. त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस त्याच्यासमोर नाही म्हणू शकत नाही. तो नसताना, दुपारी भाकरीच्या वेळी विचारा, आणि नीट सांगा: फोटो स्पर्धेला जाईल, भिंतीवर लागेल, पेपरात येऊ शकेल. होकार मोबाइलवर आवाजात नोंदवला तरी चालतो. बंजारा तांड्यावर त्यांची गोरमाटी बोली बोलणारं कुणी सोबत असलेलं बरं. लहान मुलांसाठी आईबापांना विचारा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. तिथं चेहराच काय, ओळखू येईल असं घरही नको.

आता निवड, जिथं बहुतेक प्रवेशिका पडतात. चाळीस फोटोंच्या ४×६ इंची स्वस्त प्रिंट काढा आणि सतरंजीवर पसरा. स्क्रीनवर एकेक पाहून मालिका जुळत नाही. एकच गोष्ट सांगणारे दोन असतील तर एक काढून टाका, मग तो कितीही देखणा असो. ज्याच्यासाठी पहाटे तीनला उठलात तोही, परीक्षकाला तुमची झोप दिसत नाही. कॅप्शन न देता ती रांग विषय माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. तो जिथं अडखळेल तिथं फोटो कमी आहे किंवा क्रम चुकलाय. नियमात १० ची मर्यादा असली तरी आठ घट्ट असतील तर आठच पाठवा. उरलेले दोन भरतीचे असतील तर ते बाकीच्यांना खाली ओढतात.

एडिटिंगमध्ये कातरणं, उजेड, कॉन्ट्रास्ट, कृष्णधवल हे साधारणपणे चालतं. विजेची तार पुसणं, आभाळ बदलणं, एआयनं काही भरणं चालत नाही. अंतिम फेरीत मूळ फाइल मागतात आणि तिथं हे उघडं पडतं. म्हणून रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेली फाइल) किंवा कॅमेऱ्यातली मूळ जेपीजी जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत मूळ धरली जात नाही. तिचा आकार घटलेला असतो आणि तारीख-वेळेची आतली नोंदही गेलेली असते.

फाइल जेपीजी, एसआरजीबी या रंगप्रणालीमध्ये. अ‍ॅडोबी आरजीबी ही दुसरी प्रणाली ठेवलीत तर काही स्क्रीनवर रंग मरगळलेले दिसतात. आयफोनच्या एचइआयसी प्रकारच्या फाइल आधी जेपीजीत बदला. १२×१८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयनं (इंचामागे ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल फोटो त्या मापात कातरल्यावर सुमारे २२० डीपीआय देतो, भिंतीवर तो निभतो. पण त्यातूनही अर्धा कापलात तर फाटतो. फाइल मोठी होत असेल तर आधी जेपीजी सेव्ह करतानाची क्वालिटी ८५ वर आणा, पिक्सेल नंतर कमी करा. फोटोवर नाव किंवा वॉटरमार्क टाकू नका. परीक्षण निनावी असेल तर प्रवेशिका बाद होते.

कॅप्शनमध्ये ‘जगण्याची लढाई’ वगैरे नको. कोण, काय, कुठं, कधी, आणि फोटोत न दिसणारी एक माहिती, एवढं पुरे: ‘धारूर तालुक्यातलं (जि. बीड) ऊसतोड जोडपं पहाटे मोळ्या बांधताना. अशा जोडप्याला एक कोयता म्हणतात, उचलही कोयत्यामागे ठरते. शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर, जानेवारी २०२५.’ गाव, तालुका, जिल्हा हा क्रम सगळीकडे सारखा ठेवा. एका कॅप्शनमध्ये धाराशिव आणि दुसऱ्यात उस्मानाबाद झालं की परीक्षक बाकीच्या माहितीकडेही संशयानं पाहतो.

शेवटच्या रात्री संकेतस्थळ रांगतं, म्हणून दोन दिवस आधीच पाठवा. ईमेलनं पाठवताना जीमेलमध्ये २५ एमबीच्या पुढच्या फाइल ड्राइव्हच्या लिंकवर जातात. ती लिंक सगळ्यांसाठी खुली केली नाही तर आयोजकांना दिसतं फक्त परवानगी मागणारं पान. दुसऱ्याच्या फोनवरून एकदा उघडून पाहा, आणि पोच आल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.