दर आठवड्याची बोर्ड गेम नाईट चालवायची कशी

गेम नाईट सुरू करणं काही अवघड नाही, पाचसहा जण जमतात, मजा येते, सगळे म्हणतात परत करूया, आणि मग पुढच्या महिन्यात ग्रुपवर "या वीकेंडला कोणाकोणाला जमेल?" असा मेसेज पडतो, चार जण अंगठा टाकतात, दोघं "बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच बारगळतो. त्यामुळे पहिलं काम हे, की तो प्रश्न विचारणंच बंद करा. वार ठरवा, वेळ ठरवा, जागा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. दर गुरुवारी साडेसात म्हणजे दर गुरुवारी साडेसात. सगळ्यांना जमेल असा दिवस शोधायला गेलात तर तो मिळत नाही, मिळाला तरी पुढच्या वेळी कोणाचं तरी दुसरं काहीतरी निघतंच. वार पक्का असला की लोक आपोआप त्या दिवशी दुसरं काही ठेवत नाहीत. तिघंच आले तरी खेळा, तिघांत मस्त चालणारे गेम ढिगाने आहेत, पण "तिघंच होतो म्हणून कॅन्सल केलं" असं दोनदा झालं की उरलेले पण यायच्या आधी विचारायला लागतात, आज नक्की आहे ना.

आकडा मात्र आदल्या दिवशी हवा. येणार की नाही एवढंच विचारायचं, कारण वगैरे कोणी द्यायची गरज नाही, आणि उत्तर आलं नाही तर तो माणूस येत नाही असं धरून चालायचं. हा आकडा का हवा ते सांगतो, कारण माझ्या मते सगळी गेम नाईट इथेच जमते किंवा बिघडते. गेम कोणता काढला यापेक्षा माणसं टेबलांवर कशी वाटली याने जास्त फरक पडतो.

सहा जण आले की बहुतेकांची पहिली धाव सहा जणांचा गेम शोधण्याकडे असते. सगळे एकत्र आलोत तर एकत्रच खेळूया ना, भावना बरोबर आहे, पण सहा जणांच्या गेममध्ये तुमची टर्न येईपर्यंत मधे पाच जण विचार करून घेतात आणि तेवढ्यात फोन बाहेर येतात. सहा म्हणजे तीन आणि तीन, सरळ दोन टेबलं. सात म्हणजे चार आणि तीन. आठ म्हणजे चार-चार. नऊ आले तर तीन टेबलं करा, लाजू नका. पाच हा सगळ्यात त्रासदायक आकडा, कारण दोन टेबलं करावीत तर एकीकडे दोघंच उरतात आणि बरेच चांगले गेम चारवर थांबतात, कॅटानचा साधा बॉक्स तीन ते चार जणांचाच आहे, पाच-सहासाठी वेगळं एक्स्पान्शन, म्हणजे जोडीचा बॉक्स, घ्यावा लागतो आणि त्याने गेम लांबतो तो वेगळाच. म्हणून ग्रुपकडे पाच जणांचे एकदोन भरवशाचे गेम असलेच पाहिजेत. तिकीट टू राइड पाचला बसतो. सेव्हन वंडर्स तर तीन ते सात जणांना चालतो आणि त्यात सगळे एकाच वेळी कार्ड निवडतात, त्यामुळे माणसं वाढली तरी वेळ फारसा वाढत नाही, असा एक गेम कपाटात असला की होस्टला निवांत झोप लागते.

आणि बॉक्सवर "२ ते ५" लिहिलंय म्हणजे पाचांत तो चांगला चालतो असं अजिबात नाही, चालतो एवढंच. बोर्डगेमगीक या साइटवर प्रत्येक गेमच्या पानावर किती जणांत तो सगळ्यात चांगला हे खेळणाऱ्यांनी मतं देऊन ठरवलेलं असतं, गेम काढायच्या आधी ते बघत जा. तिथेच गेम किती जड, म्हणजे किती किचकट आहे याचा १ ते ५ असा आकडा पण असतो. तिकीट टू राइड दोनच्या खाली आहे, टेराफॉर्मिंग मार्स तीनच्या वर, ट्वायलाइट इम्पेरियम चारच्याही वर, आणि तो शेवटचा गेम आठवड्यातल्या संध्याकाळी काढायचाच नाही, त्याला अख्खा दिवस द्यावा लागतो. नवीन माणूस टेबलावर असेल तर दोनच्या आसपास राहा. हा आकडा काही वेदवाक्य नाही, पण कोणी "सोपा आहे रे, दहा मिनिटांत कळेल" म्हणून तीन तासांचा गेम आणला तर तो ओळखायला उपयोगी पडतो.

दोन टेबलं करताना एवढं बघा की दोन्ही साधारण एकाच वेळी संपतील. नाहीतर एक टेबल नऊला मोकळं होतं आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर उभं राहून "तू हे का नाही केलंस" सुरू करतं. तरी पुढेमागे होतंच, म्हणून लव्ह लेटरसारखा मूठभर कार्डांचा, वीस मिनिटांत उरकणारा गेम हाताशी ठेवा. शिवाय दोन्ही टेबलांवर नवीन गेम एकदम नको, शिकवणारा एकच असेल तर एका टेबलाला आधीच येणारा गेम द्या.

कोणता गेम हे त्या दिवशी ठरवायचं नाही. कपाटासमोर उभं राहून "तुला काय खेळायचंय?" "काहीही चालेल" "मला पण काहीही" यात अर्धा तास सहज जातो, आणि मग खेळायला वेळ कमी पडला म्हणून तेच लोक कुरकुर करतात. आकडा आला की होस्टने दोन नावं टाकायची, हा किंवा तो, एकापुढे नाव लिहा, बास. पाच पर्याय दिलेत तर परत तेच गुऱ्हाळ. ज्याला आपला खास गेम आणायचाय त्याने आधी सांगावं आणि शिकवायची जबाबदारी पण त्यानेच घ्यावी.

वेळेचं गणित: बॉक्सवर ९० मिनिटं लिहिली असतील तर ती गेम येणाऱ्या लोकांची आहेत. मांडामांड, शिकवणं, पहिल्या दोन फेऱ्यांतले प्रश्न, शेवटची गुणमोजणी धरून दोन तास सहज होतात, कधीकधी जास्तच. संपायची वेळ आधी सांगून ठेवा आणि मागे मोजत या. साडेदहाला लोकांना निघायचं असेल तर नऊ वाजता दोन तासांचा गेम उघडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. अर्धवट सोडलेल्या गेमचं समाधान कोणालाच मिळत नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका. ठरल्या वेळेला जे आलेत त्यांना घेऊन असा काहीतरी गेम लावा ज्यात मधे माणूस घालता येतो. कोडनेम्स यासाठी बेस्ट आहे, २५ शब्द टेबलावर, दोन टीम, उशिरा आलेला एखाद्या टीममध्ये बसतो की झालं. मोठा गेम पंधरावीस मिनिटांनी सुरू करायचा, आणि त्यानंतर आला तर तो पुढच्या डावाला. दोनतीन आठवड्यांत लोक वेळेवर यायला लागतात, कोणाला बोलावं लागत नाही.

आता शिकवणं. इथे सगळ्यात जास्त लोक कंटाळतात आणि परत येत नाहीत. रूलबुक टेबलावर बसून मोठ्याने वाचायचं नाही, म्हणजे नाहीच. शिकवणाऱ्याने ते घरी वाचायचं, जमलं तर दोन बाजूंनी एकट्याने चारपाच टर्न खेळून बघायच्या, आणि लोक यायच्या आधी गेम मांडून ठेवायचा. लोक बसल्यावर पत्ते पिसत आणि टोकन वेगळी करत शिकवलं तर कोणाचंच लक्ष नसतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सांगा जिंकायचं कसं, मग गेम संपतो कधी, मग आपल्या टर्नला करायचं काय, आणि बारीकसारीक अपवाद सगळ्यात शेवटी. तिकीट टू राइड असा शिकवता येतो: जास्त गुण तो जिंकला, गुण मिळतात रेल्वेमार्ग घेतल्याचे आणि तुमच्या तिकिटावरची दोन शहरं जोडल्याचे, पण तिकीट अपुरं राहिलं तर तेवढेच गुण वजा होतात. मार्गावर ठेवायचे डबे कोणाकडे दोन किंवा त्याहून कमी उरले की प्रत्येकाला आणखी एक टर्न आणि गेम संपला. आपल्या टर्नला तीनपैकी एकच गोष्ट करायची, कार्डं घ्या, मार्ग घ्या, नाहीतर नवीन तिकिटं घ्या. झालं, नव्वद टक्के गेम सांगून झाला. उघडी रंगीत-इंजिनची कार्डं घेताना काय वेगळं होतं ते ती समोर आली की सांगा. याउलट लोक काय करतात, आधी प्रत्येक कार्डाचा प्रकार दाखवतात, मग डबे, मग बोर्डाच्या कडेचा गुणांचा पट्टा, आणि समोरच्याला पाच मिनिटं झाली तरी कळत नाही की हे सगळं कशासाठी चाललंय.

एक गोष्ट मात्र "नंतर कळेल" म्हणून सोडायची नाही, ती म्हणजे ज्याने नंतर नुकसान होतं ती. अपुऱ्या तिकिटाचे गुण वजा होतात हे शेवटी सांगितलंत तर नवीन माणूस चिडणार आणि त्याचं बरोबरच आहे. कॅटानमध्ये सातपेक्षा जास्त कार्डं हातात असताना सात पडला की अर्धी टाकावी लागतात, आणि दोन फाशांवर सात हाच सगळ्यात जास्त वेळा पडणारा आकडा आहे, ३६ पैकी ६ वेळा, हे पहिला फासा टाकायच्या आधी सांगायला हवं. तसंच सुरुवातीची घरं. घराला लागून ६ आणि ८ आकडे चांगले, २ आणि १२ वाईट एवढं जरी सांगितलं तरी पुरतं, नाहीतर नवख्याने चुकीच्या जागी घर ठेवलं की पुढचा तासभर तो फासे टाकतो आणि त्याला काहीच मिळत नाही. पहिल्यांदा खेळणारे असतील तर रूलबुकमध्ये नवख्यांसाठी तयार मांडणी दिलेली आहे ती सरळ वापरा.

कार्कासोनमध्ये शेतकऱ्यांचा भाग पहिल्या डावात काढून टाका. शेतांचे गुण अगदी शेवटी मोजले जातात आणि नवीन माणसाला ते काही केल्या दिसत नाहीत, मग जो आधी खेळलाय तो गुपचूप जिंकतो, यात कोणाचीच मजा नाही. कोणताही गेम असो, पहिल्या डावात चाल मागे घेऊ द्या, हातातली कार्डं उघडी ठेवून एक फेरी खेळा. स्पर्धा दुसऱ्या डावापासून.

सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्ये वेगळाच प्रॉब्लेम येतो. पँडेमिक घ्या, सगळी माहिती समोर उघडी असते, त्यामुळे ज्याला गेम जास्त येतो तो चौघांच्या टर्न एकटाच खेळतो आणि बाकीचे तिघं त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या सरकवतात. तो माणूस वाईट नसतो, उत्साही असतो. यावर नियम असा लावा की ज्याची टर्न आहे तो आधी स्वतःचा विचार बोलेल, सल्ला त्याने मागितला तरच द्यायचा. तरी नाही जमलं तर गेमच बदला, हनाबीत स्वतःची कार्डं आपल्याला दिसतच नाहीत, द क्रूमध्ये बोलण्यावरच बंधन आहे, तिथे कोणी कितीही हुशार असला तरी दुसऱ्याची टर्न खेळू शकत नाही.

प्रत्येक चालीला खूप विचार करणारा एखादा प्रत्येक ग्रुपात असतोच. त्याला टोमणे मारून तो फास्ट होत नाही, उलट आणखी गोंधळतो. त्याला कमी माणसांच्या टेबलावर बसवा किंवा एकाच वेळी सगळे खेळतात असा गेम द्या, बाकी सोडून द्या.

ॲव्हलॉनसारखे खोटं बोलायचे गेम पाच ते दहा जणांत धमाल येतात, पण पहिल्याच दिवशी आलेल्या माणसाला त्यात बसवू नका. अनोळखी सात जण एकदम "तू खोटं बोलतोयस" म्हणायला लागले की काहींना ते लागतं.

मोनोपॉली कोणी मागितलाच तर नाही म्हणू नका, रूलबुकप्रमाणे खेळा. फ्री पार्किंगवर दंडाचे पैसे साठवणं हे मूळ नियमांत नाहीच, आणि कोणी जागा विकत घेतली नाही तर तिचा लिलाव व्हायला हवा, तो बहुतेक घरांत होत नाही. या दोन्हीमुळे गेम रटाळ लांबतो. तरीही जो आधी बाद झाला तो पुढे काय करणार हा प्रश्न राहतोच, त्यासाठी दुसरं टेबल असेल तरच काढा.

नियमावरून वाद झाला तर दोन मिनिटं रूलबुक बघा, नाही सापडलं तर ज्याचा गेम आहे तो ठरवेल आणि डाव पुढे. खरा नियम घरी गेल्यावर शोधा आणि ग्रुपवर टाका.

सामानाचं पण आधीच बोलून घ्या. ग्लास आणि बाटल्या गेमच्या टेबलावर नकोत, बाजूला एखादं स्टूल पुरे. तेलकट हाताने कार्डं धरायची नाहीत. जास्त खेळले जाणारे गेम असतील तर कार्डांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, घाला, बऱ्याच गेमची कार्डं साधारण ६३.५ बाय ८८ मिमी असतात, पण घ्यायच्या आधी मोजा, कारण तिकीट टू राइडच्या कितीतरी आवृत्त्यांत ती छोटी आहेत. टोकन वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवलीत तर पुढच्या वेळची मांडामांड निम्म्यावर येते. बॉक्स बंद करण्याआधी सोंगट्या मोजायच्या, माणसं असतानाच, कारण हरवलेलं टोकन त्याच रात्री टेबलाखाली सापडतं, आठवड्याने नाही. आणि कोणाचा गेम खराब झाला तर भरपाई कशी हे पहिल्याच महिन्यात ठरवा, खराब झाल्यावर ठरवायला बसलात तर वाईटपणा येतो.

होस्ट एकच माणूस राहिला तर तो सहा महिन्यांत दमतो. ज्याने एखादा गेम दोनदा खेळलाय त्याने तो तिसऱ्यांदा शिकवायचा, असा साधा नियम केला की हळूहळू शिकवणारे वाढतात आणि दोन टेबलं लावणं पण सोपं जातं.

पुढेमागे कोणीतरी पँडेमिक लेगसी किंवा ग्लूमहेवन आणेल. हे गेम भारी आहेत, पण एकच गोष्ट डावामागून डाव पुढे सरकते, त्यामुळे दर वेळी तीच माणसं लागतात. पँडेमिक लेगसीच्या पहिल्या सीझनमध्ये बारा महिन्यांची गोष्ट आहे आणि प्रत्येक महिना एकदा किंवा दोनदा खेळायचा असतो, म्हणजे १२ ते २४ डाव, तेही फार तर चौघांचे. आठवड्याला एक डाव धरला तरी तीन ते सहा महिने ते चौघं अडकले, आणि नवीन आलेल्याला त्या टेबलावर जागा नाही. त्यामुळे असे गेम खुल्या गुरुवारी लावू नका, त्या चौघांनी आपला वेगळा वार काढावा.