हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतील जे-१ इंटर्नशिपला जाताना

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दिवाळीनंतर आमच्या प्लेसमेंटच्या खोलीत डोकावू लागतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘सर, स्टायपेंड किती मिळेल?’ हाच असतो. प्रश्न गैर नाही, कारण घरच्यांनी या खर्चासाठी कर्ज काढलेले असते किंवा काढायची तयारी ठेवलेली असते. तरीही त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: तिथे मला नेमके काय शिकवणार आहेत आणि ते कोणत्या कागदावर लिहिलेले आहे? अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर होणाऱ्या इंटर्नशिपमध्ये याचे उत्तर डीएस-७००२ नावाच्या फॉर्मवर सह्यांसकट द्यावे लागते. पुढे अडचण आली की हाच कागद उपयोगी पडतो, म्हणून या लेखात तो वारंवार येईल.

जे-१ हा नोकरीचा व्हिसा नाही. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याच्या आधारे अमेरिकेचे परराष्ट्र खाते जो विनिमय कार्यक्रम चालवते, त्याचा हा व्हिसा आहे. प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी, इंटर्न आणि ट्रेनी हे सगळे त्याच छत्राखाली येतात. आपल्या विद्यार्थ्यांना लागू पडतो तो इंटर्न हा प्रकार. त्यासाठी अमेरिकेबाहेरच्या, बारावीनंतरच्या पदवी किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत शिकत असणे, अथवा ती पूर्ण करून कार्यक्रमाच्या सुरुवातीपर्यंत बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटलेला नसणे आवश्यक आहे. ज्याला पदवी मिळून वर्षापेक्षा जास्त काळ झाला आहे आणि ज्याच्याकडे पदवीनंतरचा अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा संबंधित अनुभव आहे, तो ट्रेनी म्हणून अर्ज करू शकतो. पदवीच नसेल तर त्याच क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. हॉटेल आणि पर्यटनाच्या क्षेत्रात दोन्ही प्रकारांची कमाल मुदत बारा महिने आहे.

या व्यवहारात तीन पक्ष असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळे बरेच नुकसान होते. पहिला पक्ष स्पॉन्सर, म्हणजे परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली अमेरिकी संस्था. तुमचा डीएस-२०१९ हा पात्रतेचा दाखला हीच संस्था देते आणि तुमच्या कार्यक्रमाची कायदेशीर जबाबदारीही तिच्यावरच असते. दुसरा पक्ष यजमान हॉटेल, जिथे तुम्ही प्रत्यक्ष शिकता आणि ज्याच्याकडून पगार घेता. तिसरा पक्ष पुण्या-मुंबईतला एजंट, जो मुलाखती जुळवतो आणि फी घेतो, परंतु अमेरिकी नियमांनुसार व्हिसासाठी लागणारा कोणताही कागद स्वतः देऊ शकत नाही. एजंटला एक रुपया देण्यापूर्वी स्पॉन्सरचे नाव विचारावे आणि परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त स्पॉन्सरांच्या यादीत, इंटर्न या प्रकाराखाली, ते नाव स्वतः शोधून पाहावे. ‘नाव नंतर कळेल’ असे उत्तर आले, तर दुसरा एजंट शोधलेला बरा. एका वर्षात कायमची नोकरी किंवा ग्रीन कार्ड मिळवून देतो असे सांगणाऱ्याबद्दल वेगळे लिहायला नकोच.

आता डीएस-७००२. त्याच्या पहिल्या भागात तुमची माहिती असते आणि दुसऱ्या भागात हॉटेलची: पत्ता, कर्मचाऱ्यांची संख्या, वार्षिक उलाढाल, आठवड्याचे तास आणि तुम्हाला मिळणारा मोबदला. हे तास बत्तीसपेक्षा कमी असू शकत नाहीत. मोबदल्याचा आकडा तासाचा आहे, आठवड्याचा आहे की महिन्याचा, हे तिथेच वाचावे आणि त्यातून घरभाडे व जेवणाचे पैसे कापले जाणार असतील तर ती रक्कम लेखी मागावी. ‘टिप्स धरून इतके’ असे सांगितले असल्यास टिप्स वगळून किती, हे विचारावे. बऱ्याच राज्यांत टिप मिळणाऱ्या कामाला किमान वेतनाचा वेगळा, खूप कमी दर लागू होतो.

खरा मजकूर मात्र त्यानंतरच्या टप्प्यांच्या पानांवर असतो. प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र पान भरायचे असते: टप्प्याचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख, तुमच्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव व हुद्दा, तुमची भूमिका, शिकायची कौशल्ये, ती कशी शिकवली जातील आणि तुम्ही ती शिकलात हे कसे तपासले जाईल. हॉटेल व पर्यटन क्षेत्रातला कार्यक्रम सहा महिने किंवा त्याहून मोठा असेल तर त्यात किमान तीन विभागांचे किंवा कामांचे रोटेशन असलेच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे बारा महिन्यांच्या किचन इंटर्नशिपमध्ये कोल्ड किचन, हॉट लाइन आणि बँक्वेट असे तीन टप्पे चालतील. ‘किचन असिस्टंट, बारा महिने’ असे एकच पान चालणार नाही. कारकुनी काम वीस टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही आणि नुसते अकुशल काम तर अजिबातच देता येत नाही.

हे पान वाचताना आमच्याकडच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगचे लॉगबुक शेजारी ठेवावे, असे मी मुलांना सांगतो. तुमच्या लॉगबुकात ‘मिज-आँ-प्लास (म्हणजे स्वयंपाकाची पूर्वतयारी) केले, सॅलड बार लावला’ असे आधीच लिहिलेले असेल आणि अमेरिकेतल्या पहिल्या टप्प्यातही नेमके तेच लिहिलेले असेल, तर तिथे जाऊन नवीन काय पदरात पडणार, हे मुलाखतीतच शेफला विचारता येते. एका विद्यार्थिनीने तसे विचारले आणि तिचा पहिला टप्पा सहा आठवड्यांवरून तीन आठवड्यांवर आला. उरलेला वेळ तिला बुचरीत, म्हणजे मांस कापण्याच्या विभागात, मिळाला. फॉर्मवर सही करेपर्यंतच अशा वाटाघाटी सोप्या असतात.

इंग्रजीची तपासणीही स्पॉन्सरच करतो. मान्यताप्राप्त परीक्षेचा निकाल, महाविद्यालयाचे सहीचे पत्र किंवा स्पॉन्सरने स्वतः घेतलेली मुलाखत, यांपैकी काहीतरी लागते. याच सुमारास महाविद्यालयाकडून ना हरकत पत्र घ्यावे आणि इंटर्नशिपचे श्रेयांक धरले जाणार की नाही, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. परत आल्यावर हजेरीच्या मुद्द्यावर अडलेली मुले मी पाहिली आहेत.

डीएस-२०१९ हातात आल्यावर व्हिसाचे काम सुरू होते. आय-९०१ नावाची सेव्हिस फी (सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थी व विनिमय पाहुण्यांच्या नोंदींची सरकारी प्रणाली) २२० डॉलर आहे आणि ती मुलाखतीपूर्वी भरून पावती जवळ ठेवायची असते. त्यानंतर डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा फी, बोटांचे ठसे व फोटो, आणि मुंबईकरांसाठी बांद्रा-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत. डीएस-१६० मध्ये समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती द्यावी लागते आणि २०२५ च्या जूनपासून एफ व एम (विद्यार्थ्यांचे) आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते, हेही आधीच लक्षात ठेवावे. मुलाखत दोन-चार मिनिटांत आटोपते. अमेरिकी कायद्यानुसार बहुतेक तात्पुरत्या व्हिसांच्या अर्जदाराने आपण परत जाणार आहोत हे पटवून द्यायचे असते. त्यामुळे ‘तुमचे तीन टप्पे कोणते?’ आणि ‘परत आल्यावर काय करणार?’ या दोन प्रश्नांची उत्तरे पाठ न करता सांगता यायला हवीत. स्वतःचा डीएस-७००२ न वाचलेला विद्यार्थी पहिल्या प्रश्नावरच अडखळतो.

विम्याच्या बाबतीत नियम नेमके आहेत. प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचे संरक्षण, उपचारासाठी मायदेशी हलवण्याकरिता पन्नास हजार, मृतदेह परत आणण्याकरिता पंचवीस हजार, आणि स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम प्रत्येक आजारामागे पाचशे डॉलरपेक्षा जास्त नको. बहुतेक स्पॉन्सर हा विमा स्वतःच काढून देतात, पण दातांचे व चष्म्याचे खर्च त्यात बहुधा नसतात. दाढ दुखत असेल तर ती इथेच दाखवून जावी.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जास्तीत जास्त तीस दिवस आधी अमेरिकेत प्रवेश करता येतो आणि तो संपल्यावर फिरण्यासाठी व परतीसाठी आणखी तीस दिवस मिळतात. या दोन्ही काळांत काम करता येत नाही. पोचल्यावर सर्वांत आधी आय-९४ ही प्रवेशाची सरकारी नोंद ऑनलाइन उघडून तिथे जे-१ लिहिले आहे का ते पाहावे, मग स्पॉन्सरला पोचल्याचे व राहत्या पत्त्याचे कळवावे. पत्ता बदलला तर दहा दिवसांच्या आत कळवायचे असते. पगार व करासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाकरिता दहाएक दिवसांनी जावे, म्हणजे तोपर्यंत सरकारी नोंदी जुळलेल्या असतात. रिसॉर्टची ठिकाणे अनेकदा गावापासून दूर असतात, तिथे बस नसते आणि गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. म्हणून राहण्याची जागा हॉटेलपासून किती पायी आहे, हे इथूनच नकाशावर मोजून ठेवावे. कोलोरॅडोत जानेवारीत दोन किलोमीटर चालणे म्हणजे डेक्कनवरून मंडईपर्यंत फेरफटका नव्हे.

किचनमधला पहिला आठवडा सगळ्यांचाच गोंधळाचा असतो, कारण मापे बदलतात. तापमान फॅरनहाइटमध्ये, वजन पाउंड व औंसात, द्रव क्वार्टमध्ये. तिथल्या अन्नसुरक्षा संहितेनुसार ४१ ते १३५ अंश फॅरनहाइट हा धोक्याचा पट्टा आहे, म्हणजे साधारण ५ ते ५७ अंश सेल्सिअस. कोंबडी आतून १६५ अंशांपर्यंत शिजायला हवी आणि शिजवून किंवा कापून थंड ठेवलेला तयार पदार्थ, बनवल्याचा दिवस धरून, सात दिवसांत संपवायचा किंवा टाकून द्यायचा. डब्यावर तारखेची चिठ्ठी नसेल तर आतला पदार्थ कितीही ताजा असला तरी शेफ तो तुमच्यासमोर कचऱ्यात ओततो. खायला तयार पदार्थाला उघडा हात लावायचा नाही. आपल्याकडे कोशिंबिरीवर कोथिंबीर भुरभुरवायची सवय असलेल्या बोटांना हे जड जाते. सुरी घेऊन कुणाच्या मागून जाताना ‘बिहाइंड’ आणि वळणावर ‘कॉर्नर’ असे मोठ्याने म्हणावे लागते. ‘एटी-सिक्स सामन’ म्हणजे सामन मासा संपला. पहिल्या दिवशी हे न कळल्याने सामनच्या ८६ प्लेट काढायच्या आहेत असे समजलेल्या एका मुलाची गोष्ट आमच्या वर्गात अजून सांगितली जाते.

अडचणीची गोष्टही सांगायला हवी. आमच्या एका विद्यार्थ्याच्या फॉर्मवर रेस्टॉरंट, बँक्वेट आणि फ्रंट ऑफिस असे तीन टप्पे होते. सीझन सुरू झाला, माणसे कमी पडली आणि तो पाचवा महिना संपेपर्यंत नाश्त्याच्या बुफेवरच राहिला. त्याने सुपरवायझरला दोनदा तोंडी विचारले, दोनदा ‘पुढच्या आठवड्यात’ असे उत्तर मिळाले. मी त्याला फोनवर एवढेच सांगितले की पाच महिन्यांची ड्यूटी शीट फोनमध्ये फोटो काढून ठेव, डीएस-७००२ च्या दुसऱ्या टप्प्याची तारीख अधोरेखित कर आणि दोन्ही जोडून स्पॉन्सरला ईमेल कर, हॉटेलच्या ट्रेनिंग मॅनेजरला प्रत दे. भाषा तक्रारीची नको, ‘आराखड्यानुसार माझा दुसरा टप्पा या तारखेला सुरू व्हायचा होता, नवीन तारीख कळवावी’ एवढेच. दहा दिवसांत तो बँक्वेटमध्ये होता. हॉटेलवाले वाईट नव्हते. पण बुफेवर हसतमुखाने उभा राहणारा मुलगा कुणाला सोडवत नाही.

स्पॉन्सरकडून उत्तरच येत नसेल, छळ होत असेल किंवा पासपोर्ट काढून घेतला असेल, तर परराष्ट्र खात्याची जे-१ साठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते: १-८६६-२८३-९०९०. पासपोर्ट दुसऱ्या कोणीही ठेवून घेणे तिथे बेकायदेशीर आहे. उलट बाजूने, रजेच्या दिवशी शेजारच्या भारतीय रेस्टॉरंटात रोखीने काम करणे हा तुमच्याकडून होणारा भंग आहे. फॉर्मवर लिहिलेल्या हॉटेलखेरीज कुठेही काम केल्यास कार्यक्रम रद्द होऊ शकतो. हॉटेल बदलायचे असेल तर तेही स्पॉन्सरच्या मंजुरीनेच.

सहा महिन्यांपेक्षा मोठ्या कार्यक्रमात मध्यावर एक आणि शेवटी एक असे दोन लेखी मूल्यमापन होते आणि दोन्हींवर तुमची व सुपरवायझरची सही लागते. निघण्यापूर्वी दोन्हींच्या प्रती मागून घ्याव्यात, कारण शेफ मंडळी हॉटेले बदलत असतात आणि वर्षभराने शिफारसपत्र मागायला गेल्यावर तुम्हाला ओळखणारे तिथे कोणी नसते.

पगाराची चिठ्ठी मात्र पहिल्याच पंधरवड्यात नीट वाचावी. जे-१ वर आलेला नवा इंटर्न करासाठी सामान्यतः अनिवासी समजला जातो आणि त्याच्या इंटर्नशिपच्या पगारातून सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेचे ६.२ टक्के व मेडिकेअर या आरोग्य योजनेचे १.४५ टक्के कापायचे नसतात. केंद्राचा आणि असल्यास राज्याचा आयकर मात्र कापला जातो. हॉटेलच्या संगणकात तुमची नोंद इतर कर्मचाऱ्यांसारखी झाली तर ही ७.६५ टक्क्यांची कपात सुरू होते, आणि चिठ्ठीवर ती ‘फायका’ किंवा ‘ओएएसडीआय’ या नावाने दिसते. दिसल्याबरोबर एचआरला डीएस-२०१९ दाखवून ती थांबवायला व कापलेले पैसे परत द्यायला सांगावे. त्यांनी नकार दिला तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून करखात्याकडे थेट मागता येतात. पुढच्या जानेवारीत हॉटेल डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार व कापलेला कर दाखवणारा कागद, पाठवते, तोपर्यंत तुम्ही बहुधा घरी परतलेले असता, म्हणून शेवटच्या दिवशी एचआरकडे महाराष्ट्रातला पत्ता पिनकोडसह आणि चालू ईमेल लिहून द्यावा. डब्ल्यू-२ आल्यावर फॉर्म ८८४३ आणि १०४०-एनआर हे अनिवासींचे कर-विवरणपत्र १५ एप्रिलपर्यंत भरायचे असतात, आणि जास्त कापलेला आयकर असेल तर तो त्यातूनच परत मिळतो. अमेरिकेतले बँक खाते ही रक्कम जमा होईपर्यंत बंद करू नये.