पोकर चिप्स ऑनलाइन लिलावात कशा घ्याव्यात: शोधापासून बोलीपर्यंत, बोलीपासून पार्सलपर्यंत

कॅसिनोत खरोखर खेळली गेलेली चिप पहिल्यांदा हातात घेतली की बोटांनाच फरक कळतो. व्यास 39 मिलिमीटर, वजन साधारण नऊ ग्रॅम, पृष्ठभाग किंचित खरखरीत. दोन चिप्स एकमेकींवर घासल्या तर खणखणाट होत नाही, दबका, मातकट आवाज येतो. घरगुती खेळासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त चिप्समध्ये बहुतेकदा धातूची चकती घातलेली असते. त्यामुळे त्या वजनाला जास्त भरतात, पण तो आवाज त्यांना नसतो.

अशा चिप्स नव्या मिळणं कठीण. 1963 साली पॉल एंडी यांनी लास वेगासमध्ये सुरू केलेल्या पॉल-सन कंपनीच्या चिप्सना आज सगळे नुसतं ‘पॉलसन’ म्हणतात. हा माल कॅसिनोंसाठी बनतो, घरी खेळणाऱ्याला ऑर्डर देऊन तो मिळत नाही. म्हणून एका संग्राहकाने दुसऱ्याकडून घ्यायचा, आणि हा व्यवहार बऱ्याच प्रमाणात ऑनलाइन लिलावात होतो. तिथे नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास मार खातो: वस्तू नीट न बघता बोली लावतो, आणि बोली लावता लावता स्वतः ठरवलेला आकडा विसरतो.

1. आधी ठरवा: एक हवी की सहाशे?

संग्राहकांचे ढोबळ दोन प्रकार. काहींना प्रत्येक कॅसिनोची एकेक चिप हवी असते. 1993 साली जमीनदोस्त झालेलं ड्यून्स, 2006 साली बंद झालेलं स्टारडस्ट, अशी नावं ते शोधत असतात. या लोकांची मोठी संघटना 1988 पासून अमेरिकेत आहे. आज तिचं नाव कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन. दुसऱ्यांना खेळायला पूर्ण संच हवा असतो: तीनशे, पाचशे, सहाशे चिप्स, ठरावीक किमतींच्या ठरावीक संख्येत. वीस चिप्सच्या थराला बॅरल म्हणतात आणि शंभराच्या ट्रेला रॅक. विक्रेते याच भाषेत लिहितात.

तुम्ही यातले कोण, हे आधी ठरवा, कारण दोघांचं मोजमाप वेगळं आहे. एकेक चिप घेणारा दुर्मीळपणाला पैसे देतो. संच घेणाऱ्याला सगळ्या चिप्सची झीज सारखी हवी. एक कोरी रॅक आणि तीन घासलेल्या रॅक एकत्र केल्या की टेबलावर रंग जुळत नाहीत, आणि ते रोज डोळ्यांत खुपतं.

2. फोटो वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिल्यांदा साचा बघा. चिपच्या कडेलगत गोलाकार उठावाची नक्षी असते, ती साच्याची. पॉलसनच्या साच्यात उंच टोपी आणि काठी आळीपाळीने येतात. जुन्या टी. आर. किंग चिप्सवर मुकुट दिसतात. वर्णनात एक साचा लिहिलाय आणि फोटोत दुसराच दिसतोय, असं झालं तर विक्रेत्याला माहीत नाही किंवा त्याला सांगायचं नाही. दोन्ही वेळा विचारलंच पाहिजे.

मग कडेचे रंगीत पट्टे, म्हणजे एज स्पॉट. हे रंगवलेले नसतात. मूळ चकतीचा तुकडा कापून त्या जागी दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि साच्यात उष्णता व दाब देऊन सगळं एकजीव करतात. त्यामुळे पट्टा चिपच्या दोन्ही बाजूंना आणि जाडीतही दिसतो. म्हणून थर लावून बाजूने काढलेला फोटो मागा. त्याच फोटोत झीजही कळते: कोऱ्या चिप्सच्या कडा धारदार, जास्त खेळलेल्यांच्या गोल झालेल्या. कडांवरचे बारीक टवके वरून काढलेल्या फोटोत जवळजवळ दिसतच नाहीत.

मधल्या छापाचे मुख्य दोन प्रकार. इन्ले म्हणजे छापील चकती, जी चिप बनतानाच तिच्यात दाबून बसवलेली असते. हॉट स्टॅम्प म्हणजे तापलेल्या ठशाने सोनेरी किंवा रंगीत वर्ख चिपवर उमटवणं. जुगाराच्या जुन्या क्लबांच्या बऱ्याच चिप्स हॉट स्टॅम्पच्या असतात, आणि लबाडीही इथेच सोपी. छाप नसलेली जुनी चकती खरी असते, फक्त तिच्यावर आज एखाद्या बंद पडलेल्या क्लबचं नाव उमटवलं जातं.

मी फसलो तो असाच. पाच डॉलरची एक चिप 64 डॉलरला घेतली. भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं की एक जुना ओरखडा कडेपासून निघून ‘5’च्या आकड्यापर्यंत येतो, वर्खाखाली गायब होतो आणि आकड्याच्या पलीकडून परत सुरू होतो. छाप जुना असता तर ओरखड्याने वर्ख कापला असता. इथे वर्ख ओरखड्यावर बसला होता. तेव्हापासून हॉट स्टॅम्प घ्यायचा तर छापाचा जवळून, तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागतो. तो द्यायला खऱ्या विक्रेत्याने कधी खळखळ केलेली नाही.

आणखी दोन शब्द ओळखीचे करून घ्या. ‘फँटसी’ चिप म्हणजे जी कुठल्याच कॅसिनोत चालली नाही, फक्त विकायला बनवली. ती बाळगण्यात गैर काही नाही, पण तिला खऱ्याची किंमत देऊ नका. आणि ‘मर्डर्ड’ चिप म्हणजे मूळ इन्ले मशीनवर घासून काढून त्या जागी नवं लेबल लावलेली. खेळायला ती छान असते, पण तसं वर्णनात लिहिलेलं हवं.

नावावरून गफलत होते तीही सांगतो. सँड्स नावाचं कॅसिनो लास वेगासला होतं आणि अटलांटिक सिटीलाही. वेगासचं 1996 साली बंद झालं, दुसरं 2006 साली. शीर्षकात नुसतं ‘सँड्स’ लिहिलेलं असेल तर चिपवरचं शहर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

3. ही चिप घेण्यासारखी आहे का?

चालू असलेल्या कॅसिनोची मोठ्या किमतीची चिप लिलावात दिसली तर लांबच राहा. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या नियमानुसार चिप म्हणजे कॅसिनोने देणं लागत असल्याचा पुरावा, आणि तिची मालकी कॅसिनोचीच राहते. डिसेंबर 2010 मध्ये लास वेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतून सुमारे 15 लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या गेल्या. कॅसिनोने 25,000 डॉलरची ती मालिकाच बंद करून वटवण्यासाठी एप्रिल 2011 ची मुदत दिली. मुदतीनंतर त्या चिपला कॅसिनोत किंमत उरली नाही. तेव्हा वटवता येईल या आशेवर कुठलीही चिप घेऊ नका. संग्रह म्हणून आवडली तरच घ्या.

हस्तिदंती चिप्सही टाळा. एकोणिसाव्या शतकातल्या कोरीवकाम केलेल्या चिप्स देखण्या असतात, पण हस्तिदंताच्या व्यापारावर वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या साइट्स (CITES) करारानुसार आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. पार्सल सीमेवर अडकतं ते परत मिळत नाही.

4. आकडा काढा आणि लिहून ठेवा

विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघून काही कळत नाही. ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावा आणि तशाच चिप्सचे मागचे जितके सौदे सापडतील तितके बघा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा. वरचा बहुतेकदा दोन हट्टी माणसांच्या चढाओढीतून आलेला असतो.

टपालखर्च विसरू नका. शंभर चिप्सची रॅक नऊशे ग्रॅमच्या पुढे जाते, सहाशेचा संच साडेपाच किलो. देशाबाहेरून मागवलात तर आयात शुल्कही येतं. सगळं धरून एका चिपचा भाव काढा: 140 डॉलरची रॅक आणि 22 डॉलर टपाल म्हणजे चिपमागे एक डॉलर 62 सेंट. हा आकडा कागदावर लिहा. डोक्यातला आकडा शेवटच्या पाच मिनिटांत बदलतो, कागदावरचा तसाच राहतो.

5. बोली: एकदाच, पूर्ण, आणि उशिरा

ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही कमाल रक्कम देता, पण ती लगेच लागू होत नाही. यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. तुम्ही 180 डॉलर भरले आणि दुसऱ्याची कमाल 131 असेल, तर तुम्हाला 133.50 ला मिळते, कारण 100 ते 250 डॉलरच्या टप्प्यात पायरी अडीच डॉलरची आहे. म्हणजे किंमत तुमचा आकडा ठरवत नाही, तुमच्या खालचा माणूस ठरवतो. जवळपास अशाच, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके पैसे द्यायच्या लिलावावर विल्यम व्हिक्री (Vickrey) या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली लिहिलं होतं आणि 1996 साली त्याला नोबेल मिळालं. त्याचा निष्कर्ष आपल्याला सरळ वापरता येतो: खरी कमाल रक्कम एकदाच भरा. ती कमी भरून काही वाचत नाही, फक्त हातातून जाण्याची शक्यता वाढते.

मग थोडं थोडं वाढवत नेणारे का असतात? आपल्याला मागे टाकल्याची सूचना आली की हात शिवशिवतात, म्हणून. दोन डॉलर, अजून दोन डॉलर. असा माणूस समोर असेल तर तुमची आठ दिवस आधी लावलेली पूर्ण बोली त्याला चढायला जिना देते. म्हणून मी शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत लावतो. याला स्नाइपिंग म्हणतात, आणि काहींना तो आडदांडपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. लिलाव संपण्याची वेळ सगळ्यांना माहीत असते, आणि ज्याने आपली खरी कमाल आधीच भरलीय त्याला स्नाइपर स्वस्तात हरवू शकत नाही. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली ईबे आणि अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना केली होती. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढायची, ईबेवर वेळ ठाम. उशिरा बोली लावणारे अर्थातच ईबेवर कितीतरी जास्त निघाले. तेव्हा भाग घेण्याआधी नियम बघा: मुदत वाढत असेल तर शेवटच्या सेकंदापर्यंत थांबून उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट. बोली गोल आकड्यावर थांबवू नका. 180 ऐवजी 181.37 भरा. बरेच जण गोल आकड्यावर थांबतात, आणि रक्कम सारखी झाली तर आधी लावणारा जिंकतो.

6. बोली लावताना पाळायच्या गोष्टी

हे जग फार लहान आहे. आज तुमच्यावर बोली चढवणारा उद्या तुम्हाला हवी असलेली शेवटची बॅरल विकत असतो.

लावलेली बोली मागे घेऊ नका. 18 ऐवजी 180 टाइप झालं किंवा वर्णनच बदललं तर गोष्ट वेगळी, आणि तेही ताबडतोब करा. ईबेवर शेवटच्या बारा तासांत लावलेली बोली फक्त तासाभराच्या आतच मागे घेता येते. दुसऱ्याची कमाल किती ते बघायला मोठी बोली लावून काढून घेणारे लोक असतात. त्यांची नावं सगळ्यांच्या लक्षात राहतात.

बोली पडलेल्या लिलावात ‘थेट मला द्या, साइटबाहेर’ असा निरोप विक्रेत्याला पाठवू नका. ज्यांनी आधीच बोली लावलीय त्यांच्यावर तो अन्याय आहे, आणि फसवणूक झाली तर तुमच्या बाजूने कोणी उभं राहणार नाही. ‘तू या रॅकवर लावू नकोस, मी त्या रॅकवर लावत नाही’ असं आपापसात ठरवणंही विक्रेत्याची लूट आहे, कितीही मैत्रीत केलं तरी.

प्रश्न विचारायचे ते लिलावाच्या पहिल्या दोन दिवसांत, एकाच निरोपात, नेमके: किती चिप्स वाकलेल्या आहेत, रंग खुलवायला तेल लावलंय का, मोजून शंभर आहेत का. शेवटच्या तासात बारा फोटो मागणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एखादं नवं खातं एकाच विक्रेत्याच्या मालावर सारखं बोली चढवतंय आणि कधीच जिंकत नाही, असं दिसलं तर विक्रेताच स्वतःच्या मालाची किंमत फुगवत असल्याची शंका घ्यायला जागा आहे. संकेतस्थळाकडे तक्रार करा आणि बाजूला व्हा. चारचौघांत आरोप करायला पुरावा लागतो.

7. जिंकल्यावर

पैसे त्याच दिवशी द्या. ईबेवर सहसा चार दिवसांची मुदत असते, पण विक्रेत्याने चार दिवस वाट का बघावी? पैसे देतानाच पॅकिंगबद्दल एक ओळ लिहा: प्रत्येक बॅरल घट्ट गुंडाळलेली हवी, आत चिप हलता कामा नये. सैल चिप्स एकमेकींवर आपटून कडांचे टवके निघतात, आणि कोरा माल वाटेतच वापरलेला होतो.

पार्सल उघडताना फोटो काढत उघडा. चिप्स मोजा, सपाट काचेवर एकेक ठेवून वाकलेल्या शोधा. बोटाने फिरवली की भोवऱ्यासारखी फिरते ती वाकलेली. काही कमी किंवा वेगळं निघालं तर आधी विक्रेत्याला फोटोसकट शांतपणे कळवा. शंभरात सत्त्याण्णव निघाल्या तर बहुतेक वेळा मोजण्यात चूक झालेली असते आणि तीन चिप्स पुढच्या टपालाने येतात. उत्तरच आलं नाही तर मग संकेतस्थळाकडे जा. अभिप्राय लिहाल तेव्हा ‘छान’ एवढंच लिहू नका. चिप्स वर्णनाप्रमाणे होत्या का, पॅकिंग कसं होतं ते लिहा.

खेळायच्या चिप्स कोमट पाण्यात, सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशने धुवाव्यात आणि लगेच पुसाव्यात. गरम पाणी नको, चिप्स वाकतात. दुर्मीळ एकट्या चिपला मात्र हात लावू नका, तिच्यावरचा मळ काढायचा की नाही हे पुढच्या मालकाला ठरवू द्या. तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा: कधी घेतली, कितीला घेतली, विक्रेत्याने काय सांगितलं होतं. माझ्या त्या 64 डॉलरच्या चिपसोबतही चिठ्ठी आहे. तिच्यावर ‘छाप खोटा’ लिहिलंय, म्हणजे माझ्यानंतर ती कोणाच्या हाती गेली तर खरी म्हणून विकली जाणार नाही.