जावात साठवलेले ऑब्जेक्ट फाइलमधून परत कसे वाचावेत

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातली गुळाची अडत धरा. सौद्यांच्या पावत्या 'पावती' क्लासचे ऑब्जेक्ट म्हणून फाइलमध्ये आहेत: शेतकऱ्याचं नाव, रवे, वजन, दर.

ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की फाइल आपोआप बंद करणारा ट्राय ब्लॉक) फाइलइनपुटस्ट्रीम उघडा, त्यावर ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम चढवा. रीडऑब्जेक्ट बोलवा, जे येईल ते 'पावती'त कास्ट करा. आयओएक्सेप्शन आणि क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन पकडा. पावती एकच असेल तर झालं.

घोळ होतो तो पावत्या अनेक असल्या की. 'नल येईपर्यंत लूप फिरवा' हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. फाइल संपली की रीडऑब्जेक्ट ईओएफएक्सेप्शन फेकतं. नल येतं ते कुणी मुद्दाम लिहिलं असेल तरच. किती बाइट उरलेत ते सांगणाऱ्या अव्हेलेबल मेथडवरही विसंबू नका, पुढे ऑब्जेक्ट असतानाही ते शून्य देतं. ईओएफएक्सेप्शन पकडून लूप थांबवता येतो, पण अर्धवट लिहिलेली फाइलही तेच एक्सेप्शन देते, म्हणजे शेवटची पावती गायब झाली तरी पत्ता लागत नाही. त्यापेक्षा लिहितानाच सगळ्या पावत्या अ‍ॅरेलिस्टमध्ये भरून ती लिस्ट एकदाच लिहा. वाचताना लूपच नको.

दुसरा खड्डा अपेंडचा. त्याच फाइलवर नवा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम उघडला की तो सुरुवातीचे चार बाइट, एसी ईडी ०० ०५, पुन्हा लिहितो. वाचणारा मध्येच त्यांना धडकतो आणि स्ट्रीमकरप्टेडएक्सेप्शन येतं: 'इनव्हॅलिड टाइप कोड: एसी'. डेटा शाबूत असतो, हेडर तेवढं दोनदा पडलेलं असतं. ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीमचा सबक्लास करून त्याच्या राइटस्ट्रीमहेडरमध्ये नुसतं रीसेट बोलवलं की भागतं; फाइल रिकामी असेल तर मात्र मूळ क्लासच वापरायचा. पण एवढी कसरत कशाला? जुनी लिस्ट वाचा, भर घाला, फाइल नव्याने लिहा.

'पावती'त सीरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा नंबर) स्वतः द्या, नाहीतर उद्या 'हमाली' फील्ड वाढवली की जुन्या फाइलवर इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन. दिलात तर जुन्या पावत्या वाचल्या जातील, पण त्यांत हमाली शून्य येईल. 'पावती'चा कन्स्ट्रक्टर वाचताना चालत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेली डिफॉल्ट रक्कमही भरली जाणार नाही. ती वाचून झाल्यावर भरा. ट्रान्झियंट फील्डचंही (जे फाइलमध्ये लिहिलंच जात नाही) तसंच.

फाइल बाहेरून आलेली असेल तर पहिल्या रीडऑब्जेक्टच्या आधी सेटऑब्जेक्टइनपुटफिल्टर लावा (जावा ९ पासून आहे) आणि लागणारे क्लास सोडून बाकी सगळे नाकारा. कास्ट आपल्याला वाचवेल असं समजू नका, तो फसेपर्यंत आतला कोड चाललेला असतो.