पहिलं एअर पिस्तूल घेताना

"सर, ह्या पिस्तुलान भेकर पडात काय?" देवगडात माझ्याकडे नेमबाजी शिकायला नवीन येणाऱ्यांपैकी कोणीतरी हे विचारतंच. नाही पडणार, आणि पाडायचंही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकर, सांबर, चितळ यांची शिकार बंद आहे. शेतीसंरक्षणासाठी घरात ठासणीची बंदूक असली, तरी तिचा परवाना हरणावर चालत नाही. दहा मीटरवरच्या नेमबाजीच्या एअर पिस्तुलाचा पेलेट, म्हणजे शिशाची गोळी, तर जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. त्याने जनावर मरत नाही, जखम घेऊन रानात तडफडतं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे बऱ्याच राज्यांत परवाना काढून हँडगनने हरीण मारता येतं. शिकारीला आणि निशाण्याला एकच हत्यार चालेल का, असं तो विचारत होता. हरणासाठी लोक .४४ मॅग्नमसारखं रिव्हॉल्व्हर घेतात. त्याच्या धक्क्याने नवख्याचा हात बार निघायच्या आधीच दचकायला लागतो आणि ती खोड लवकर जात नाही. त्यालाही मी सांगितलं, शिकायचं ते एअर पिस्तुलावर.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने ब्रॉन्झ जिंकल्यापासून पालक थेट कंपनीचं नाव घेऊन येतात. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, सगळीच उत्तम. पण लाखाच्या वर पैसे घालण्याआधी मुलाला काही महिने रेंजवरचं पिस्तूल वापरू द्या.

मग बघायची ती ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, टार्गेटकडे तोंड करून उभे राहा, डोळे मिटा, हात उचला आणि डोळे उघडा. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची माशी, मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. मनगट वळवून ती मध्ये आणावी लागत असेल, तर ती ग्रिप तुमची नाही. बोटाचं पहिलं पेरच ट्रिगरवर यावं आणि बाकीचं बोट लाकडाला घासू नये, कारण घासलं की ओढताना नळी बाजूला सरकते. ग्रिप लहान-मोठ्या मापात मिळते, डावखुऱ्यांची वेगळी असते. थोडा फरक असेल तर कानस आणि लाकडावर लावायची पुट्टी वापरून हाताप्रमाणे करून घेता येते. मी तर ते प्रत्येकाला करायलाच लावतो. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे, तिथे हाताची एवढीशी ओढही दिसते.

ट्रिगर ओढायला लागणारा भार स्पर्धेच्या नियमाने ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मऊ असतो, पण आपल्याकडच्या दमट हवेत नवशिक्याने मेकॅनिकलच घ्यावा, बॅटरीचा घोर नको. पिस्तुलाच्या वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम आहे, मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलीला त्याहून बरंच हलकं द्या. खांदा दुखायला लागला की मूल रेंजवर यायचंच टाळतं.

आता आपल्या किनाऱ्याचा प्रश्न, हवा. ही पिस्तुलं साधारण २०० बार दाबाने हवा भरलेल्या छोट्या सिलिंडरवर चालतात. हातपंपाने भरता येतं, पण घाम निघतो. मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्यांकडे कॉम्प्रेसर असतो. योग्य अडॅप्टर असेल तर त्यांच्या टाकीतून भरून घेता येतं. जोडण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून तोंडाशी अडकलेलं खारं पाणी उडवून टाकायला सांगा, आणि सावकाश भरा, नाहीतर सिलिंडर तापतो. हवेच्या भागांना घरातलं मशीनचं तेल कधीही लावू नका. दाबाखालच्या हवेत ते धोक्याचं आहे.

पावसाळ्यात पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरतो आणि लोखंड गंजतं. कोरड्या कपड्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपाच्या कपाटात ठेवा. हात लागलेला प्रत्येक धातूचा भाग पुसायचाच, कारण घामातही मीठ असतं.

सेकंडहँड मिळालं तर आनंदाने घ्या, जुने खेळाडू जपून वापरतात. आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करायला लावा.