मॉक ऑफसीझनमध्ये एनएफएलची टीम कशी चालवावी

अमेरिकन फुटबॉलचे बत्तीस चाहते, प्रत्येकाच्या नावावर एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगची एक टीम, सगळ्यांच्या डोक्यावर एक कमिशनर, बोलाचालीला डिस्कॉर्ड आणि हिशेबाला गूगल शीट. मॉक ऑफसीझन म्हणजे दोन मोसमांमधल्या व्यवहारांचा लुटुपुटीचा खेळ. फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, झाला की तो सुरू होतो आणि खऱ्या ड्राफ्टच्या आधी संपतो. खेळाडू ठेवा, काढा, विका, बोली लावा, ड्राफ्ट करा. कॅप म्हणजे टीमने वर्षाला खेळाडूंवर किती खर्चायचं याची लीगने घातलेली मर्यादा; फ्री एजन्सी म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा खुला बाजार; ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडणं, आणि त्यातली एक पाळी म्हणजे पिक. नवख्याला पहिल्याच दिवशी दोन सल्ले हमखास मिळतात: "कॅप-बिप काही नसतो रे, सगळं पुढे ढकलता येतं" आणि "फ्री एजन्सीच्या पहिल्या तासात मोठे मासे धर." हे सल्ले देणारे बहुतेक जण एप्रिलमध्ये गायब झालेले असतात आणि त्यांच्या टीमा कमिशनरला चालवाव्या लागतात.

टीम निवडताना स्वतःची आवडती टीम घेऊ नका. जर्सी घालून ज्याच्यासाठी ओरडलात, त्याला काढायला हात धजत नाही. कोणाला नको असलेली, मधल्या फळीतली टीम मागा.

कमिशनरला तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. कॅपचे आकडे ओव्हर द कॅप या वेबसाइटवरून घेतलेत की स्पॉट्रॅकवरून, आणि कोणत्या तारखेला गोठवलेत? दोन्हीकडचे आकडे थोडेफार वेगळे असतात. शिवाय खऱ्या टीमा फेब्रुवारी-मार्चभर करार बदलत असतात, त्यामुळे तारीख ठरलेली नसेल तर रोज भांडणं. दुसरं, बोली कशावर जिंकायची? वर्षाच्या सरासरीवर, गॅरंटीच्या रकमेवर, की एजंट म्हणून बसवलेल्या कोणाच्या मर्जीवर? तिसरं, पुढच्या वर्षीच्या कॅपला काही मर्यादा आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. तरी विचारा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

पहिला आकडा: खर्चायला किती आहेत

२०२४ मध्ये लीगचा कॅप २५५.४ मिलियन डॉलर होता, २०२५ मध्ये २७९.२. पण तुमच्या टीमचा कॅप तेवढाच असेल असं नाही. मागच्या वर्षी न वापरलेली रक्कम पुढे येते, म्हणून टीमनिहाय आकडा बदलतो. ऑफसीझनमध्ये यादी ९० खेळाडूंची असली तरी कॅपवर सगळ्यात महागडे ५१ खेळाडूच मोजतात; उरलेल्यांचे फक्त बोनसचे हप्ते. ड्राफ्टमधून येणाऱ्या पोरांसाठी रक्कम बाजूला ठेवा, पण घाबरून जास्त ठेवू नका. खालच्या फेऱ्यांतले रूकी, म्हणजे नवे खेळाडू, बहुधा त्या ५१ मध्ये येतच नाहीत.

इथे घोडं पेंड खातं: डेड मनी

डेड मनी म्हणजे खेळाडू गेल्यावरही कॅपवर उरणारी रक्कम. ऑफसीझन जिंकणारे आणि बुडवणारे इथे वेगळे होतात. मलाही हे प्रकरण अंगवळणी पडायला बराच वेळ गेला, कारण जिथे जावं तिथे "अमक्याला काढलं की इतके वाचतात" एवढंच लिहिलेलं असतं. कधी वाचतात आणि उरलेलं बिल कोणत्या वर्षी येतं, हे कोणी सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ, सगळे आकडे मिलियनमध्ये. खेळाडूचा पाच वर्षांचा करार, साइनिंग बोनस २५. पैसे त्याच्या खात्यात सुरुवातीलाच गेले, पण कॅपवर ते दरवर्षी ५ च्या हप्त्याने पडतात. पाचपेक्षा जास्त वर्षांत हा बोनस वाटता येत नाही. आता दोन वर्षं झाली, तीन हप्ते बाकी आहेत. यंदाचा पगार १२, त्याला गॅरंटी नाही. म्हणजे यंदा तो कॅपवर १७ ला आहे.

काढलं तर? बाकीचे तिन्ही हप्ते एकदम अंगावर येतात, १५. वाचले २. त्यातही त्याची जागा घेत ५१ व्या नंबरवर सरकणारा खेळाडू साधारण १ घेऊन येतो. म्हणजे एक चांगला खेळाडू घालवून पदरात पडला १. आणि पगाराला गॅरंटी असती, तर काढल्यावर १५ अधिक १२, असे २७ कॅपवर. होते १७, झाले २७. शीटवर हा रकाना न बघता लाल पेन चालवणारे दर वर्षी भेटतात.

मग हुशार लोक म्हणतात, "जून १ लाव." टीमला असे दोन खेळाडू मार्चमध्येच काढून जूनच्या हिशेबात टाकता येतात. मग यंदा एकच हप्ता, ५. उरलेले १० पुढच्या वर्षी. वाचले १२. शीटवर छान दिसतं. पण हे १२ दोन जूनपर्यंत तुमच्या हातात येतच नाहीत. तोवर तो अख्ख्या १७ ला कॅपवर बसलेला असतो. मार्चच्या फ्री एजन्सीत ती रक्कम खर्चता येत नाही, आणि मॉक तर एप्रिलमध्येच संपतो! तरी लोक तेच १२ घेऊन वाइड रिसिव्हरवर बोली लावतात. कमिशनर झोपेत असेल तर खपून जातं. ज्या मॉकमध्ये हे खपतं, तिथे दोन दिवसांहून जास्त थांबू नका.

तिसरा रस्ता रिस्ट्रक्चरचा, म्हणजे पगाराचा बोनस करून तो पुढे ढकलायचा. पगारातले १.२ तसेच ठेवून १०.८ चा बोनस केला आणि उरलेल्या तीन वर्षांत वाटला, वर्षाला ३.६. यंदाचा आकडा १७ वरून ९.८ वर आला, ७.२ मोकळे झाले. शेवटी दोन नावापुरती वर्षं, म्हणजे व्हॉइड इयर्स, जोडली तर हप्ता २.१६ चा होतो आणि ८.६४ मोकळे होतात. कोणालाही हेच आवडणार. आता पुढच्या वर्षीचा रकाना उघडा. काहीच केलं नसतं तर पुढच्या मार्चमध्ये त्याला काढायला १० लागले असते. साध्या रिस्ट्रक्चरनंतर १७.२ लागतील, व्हॉइड इयर्ससह १८.६४. तोवर तो वर्षाने म्हातारा झालेला असेल.

"कॅप नसतोच" म्हणणारे न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा दाखला देतात. जरूर द्यावा, पण पूर्ण द्यावा. मार्च २०२५ मध्ये त्यांनी डेरेक कारचा करार रिस्ट्रक्चर केला आणि मे महिन्यात तो खांद्याच्या दुखापतीने निवृत्त झाला. पुढे ढकललेले हप्ते मात्र वहीतच राहिले. टॉम ब्रेडी २०२३ मध्ये निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा टॅम्पा बेच्या कॅपवर त्याच्या नावाचे सुमारे ३५ मिलियन होते.

डेड मनी म्हणजे टीम मेली असंही नाही, हे उलट्या बाजूने सांगायला हवं. डेन्व्हरने २०२४ मध्ये रसेल विल्सनला काढलं तेव्हा एकूण ८५ मिलियनचं ओझं होतं, ५३ त्या वर्षी आणि ३२ पुढच्या. त्याच वर्षी ते प्लेऑफमध्ये गेले, कारण चेंडू फेकणारा त्यांचा क्वार्टरबॅक बो निक्स स्वस्तातल्या रूकी करारावर होता. ओझं घ्यायचंच तर क्वार्टरबॅक स्वस्त असलेल्या वर्षांत घ्या. ओझं आणि क्वार्टरबॅक दोन्ही एकदम महाग असतील तर घेऊ नका.

माझा नियम ठाम आहे. शीटवर यंदाच्या कॅपशेजारी पुढच्या वर्षीचा रकाना करायचा आणि प्रत्येक निर्णय आधी तिथे लिहायचा. मॉकमधले सगळे उधळतात ते याचसाठी, की खेळ एप्रिलमध्ये संपतो आणि बिल कोणाच्याच दारात येत नाही. कमिशनर तुम्हीच असाल तर नियम करून टाका: पुढच्या वर्षीचे बांधलेले पैसे यंदाच्या लीग कॅपच्या वर जाता कामा नयेत. पहिल्या दिवशी शिव्या पडतात, तिसऱ्या दिवशी मात्र खेळात जीव येतो. याच रकान्यात पहिल्या फेरीतल्या जुन्या खेळाडूंचा पाचव्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे रूकी करार टीमने एका वर्षाने वाढवण्याचा हक्क, तोही धरा. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या करारानंतर ऑप्शन उचलला की ती रक्कम पूर्ण गॅरंटीची होते, आणि ती नेमकी पुढच्याच वर्षावर पडते.

रिस्ट्रक्चर कोणाचं करायचं? तीन वर्षांनीही जो तुमच्याकडे हवाच आहे, त्याचंच. साधारण २८ च्या खालचा टॅकल, पास रशर, क्वार्टरबॅक. तिशी ओलांडलेला रनिंग बॅक? हात लावू नका.

टॅग

फ्रँचायझी टॅग म्हणजे करार संपणाऱ्या एका खेळाडूला ठरलेल्या रकमेत एक वर्ष रोखून धरायचा हक्क. त्याची पूर्ण रक्कम त्याच क्षणी कॅपवर चढते, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या सगळ्यांना एकच टॅग असतो, म्हणून गार्डला तो महागड्या टॅकलच्या भावात पडतो. कॅन्सस सिटीने २०२५ मध्ये ट्रे स्मिथला २३.४ मिलियनचा टॅग लावला आणि जुलैत लांबचा करार केला. खऱ्या टीमकडे जुलै असतो, तुमच्याकडे नसतो. तेव्हा लांबचा करार करता येत नसेल तर टॅग लावूच नका.

ट्रेड

इथे पैसे वाचवायची खरी जागा आहे आणि मॉकमध्ये तिच्याकडे कोणी बघत नाही. खेळाडू विकला की बोनसचे उरलेले हप्ते विकणाऱ्याच्याच कॅपवर पडतात; घेणाऱ्याला फक्त पगार लागतो. अटलांटाने २०२२ मध्ये मॅट रायनला इंडियानापोलिसला दिलं, तेव्हा ४०.५ मिलियन डेड मनी अटलांटाच्या वहीत राहिली. वरच्या उदाहरणातला १७ चा खेळाडू तुमच्याकडे १२ ला येतो, तोही बोनसचं लोढणं न घेता; उद्या काढलात तर शून्य. फ्री एजंटवर बोली चढवण्यापेक्षा इतरांच्या शीटवर असे खेळाडू शोधा. कॅप मोकळा असेल तर उलटाही सौदा होतो. ह्यूस्टनने २०१७ मध्ये ब्रॉक ऑस्वायलरचा १६ मिलियनचा पगार घ्यावा म्हणून क्लीव्हलँडला दुसऱ्या फेरीचा पिक वर दिला होता. मॉकमध्ये कॅप फुगलेला कोणी ना कोणी असतोच. त्याला मेसेज करा, आणि पिक मिळाल्याशिवाय हो म्हणू नका.

पिकची किंमत लावायला नव्वदीच्या सुरुवातीला डॅलसमधून आलेला, तिथला तेव्हाचा कोच जिमी जॉन्सनचा तक्ता अजून चालतो: पहिला पिक ३००० गुण, दुसरा २६००, दहावा १३००, बत्तिसावा ५९०. आजकाल तो वरच्या पिकना जरा जास्तच भाव देतो असं माझं मत आहे, म्हणून मी नेहमी खाली सरकणाऱ्या बाजूला असतो. पुढच्या वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक मॉकमध्ये चणे-फुटाण्यांसारखे वाटले जातात, कारण तेही कोणाला भरायचे नसतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये बाराव्या पिकसोबत आणखी दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक आणि वर एक तिसऱ्या फेरीचा देऊन तिसरा पिक मिळवला आणि ट्रे लान्स घेतला. तिथे तो चार सामन्यांत सुरुवातीला उतरला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या पिकला डॅलसला गेला. त्यांना तारलं ते २०२२ च्या ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या पिकने, ब्रॉक पर्डीने. तुमच्या नशिबात पर्डी असेल असं धरून चालू नका.

फ्री एजन्सी

खऱ्या लीगचं नवं वर्ष सुरू होण्याच्या दोन दिवस आधी एजंटांशी बोलायची मुभा मिळते. २०२५ मध्ये ती १० मार्चला पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी बाराला उघडली, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. मॉकमधल्या बोली मात्र बहुधा अमेरिकेतल्या संध्याकाळी चालतात. पुण्यात बसून खेळणाऱ्याने सकाळी एका हाताने डबा भरत दुसऱ्या हाताने बोली टाकायची तयारी ठेवावी, किंवा आदल्या रात्री कमिशनरला कमाल रक्कम लिहून द्यावी. मला दुसरं जास्त बरं वाटतं. सकाळच्या घाईत बोली हमखास वर जाते.

पहिल्या दिवशी काही घेऊ नका. बत्तीस जणांकडे भरलेले खिसे आणि समोर मोजकी नावं, भाव चढणारच. तिसऱ्या दिवशी तेच लोक कॅपला चिकटलेले असतात. त्या वेळी दुसऱ्या फळीतला कॉर्नरबॅक किंवा सेंटर एका वर्षाच्या करारावर स्वस्तात मिळतो. बोली लावताना वर्षं कमी आणि गॅरंटी जास्त ठेवा. एजंट गॅरंटी बघतो, तुम्ही पुढचा रकाना बघा. तुमचे फ्री एजंट दुसरीकडे गेले तर भरपाईचा पिक पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये येतो. तो लीगच्या सूत्राने ठरतो आणि सगळ्यांचे मिळून असे जास्तीत जास्त ३२, म्हणून त्याची यंदाच्या व्यवहारात किंमत धरू नका.

ड्राफ्ट

सात फेऱ्या, प्रत्येक पिकला ठरलेला वेळ. आधी यादी बनवा आणि तिच्याबाहेर जाऊ नका. पिकची वेळ आली आणि तुम्ही ऑफिसात असाल, तर यादी कमिशनरकडे आधीच दिलेली बरी.

अनड्राफ्टेड, म्हणजे ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेल्या, खेळाडूंनी यादी ९० वर नेऊन ठेवा. लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) आहे का ते एकदा तपासा. दर वर्षी दोन-तीन टीमा त्याच्याविना शीट देतात.