भूचुंबकीय वादळ सूर्यावर नेमकं कुठून सुटलं, हे घरबसल्या कसं शोधायचं

मे २०२४ मधे लडाखच्या हानलेहून आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो सगळीकडे फिरले आणि सोबत "मोठा फ्लेअर आला म्हणून वादळ झालं" हेही फिरलं. हे अर्धवट आहे. फ्लेअर म्हणजे सूर्यावरचा अचानक भडका, त्यातून मुख्यतः प्रकाश आणि क्ष-किरण येतात, ते ८ मिनिटांत पोचतात आणि रेडिओ संपर्क बिघडवतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवतो (हेच भूचुंबकीय वादळ) तो सीएमई, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातून सुटलेला प्लाझ्माचा ढग, आणि त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणून शोध उलटा घ्यायचा, पृथ्वीकडून सूर्याकडे. डेटा फुकट आहे, मे २०२४ चंच उदाहरण घेऊ.

१. आधी वादळाची वेळ पकडा. क्योटो विद्यापीठाच्या साइटवर डीएसटी इंडेक्सचा, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते दाखवणाऱ्या आकड्याचा, ग्राफ मिळतो. रेषा आधी किंचित वर उडते आणि मग कोसळते, ती उडते तीच सुरुवात. १० मे ला ती १७:०५ यूटीला (यूटी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) होती, म्हणजे आपल्याकडे रात्री १०:३५ (यूटीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका, सगळा घोळ इथेच होतो). पुढे आकडा उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली गेला. तुलनेसाठी, १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली होती, ती नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात आणि आपल्याला तिचा अभिमान असायलाच हवा.

२. मग एल१ बिंदूवर जा. पृथ्वीपासून १५ लाख किमीवर सूर्याच्या दिशेला डिस्कव्हर, एस ही याने आहेत, आपलं आदित्य एल१ सुद्धा तिथेच. वादळाच्या अर्धा-पाऊण तास आधी सौरवाऱ्याचा वेग, घनता आणि चुंबकीय क्षेत्र एकदम उडी मारतात का बघा. त्यात बीझेड, म्हणजे त्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, तो बराच वेळ उणे म्हणजे दक्षिणेकडे असेल तर ते क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. बीझेड उत्तरेकडेच राहिला तर जोरदार सीएमईसुद्धा फारसं काही न करता निघून जातो, आणि ही दिशा आधीच सांगणं आजही फार अवघड आहे.

३. वेळेचा हिशोब मागे करा. अंतर १५ कोटी किमी, वेग सेकंदाला साधारण ७०० किमी धरला तर ६० तास होतात, म्हणजे ८ मे ची सकाळ. वाटेत ढगाचा वेग बदलतो म्हणून दोन्ही बाजूंना अर्धा दिवस तरी मोकळा ठेवा.

४. त्या वेळेचे सोहो या सूर्यनिरीक्षक यानाच्या लॅस्को कॅमेऱ्याचे (तो सूर्याची चकती झाकून भोवतालचं टिपतो) फोटो बघा. सूर्याच्या चकतीभोवती सगळीकडून पसरणारं कडं दिसलं तर ढग आपल्याकडे येतोय किंवा थेट उलट दिशेला चाललाय. कुठलं ते ठरवायला त्याच वेळेची एसडीओची (सूर्याच्या चकतीचे फोटो घेणारं नासाचं यान) चित्रं लावा, समोरच्या बाजूला स्फोट दिसला की झालं. ८ आणि ९ मे ला असे एकामागोमाग अनेक ढग सुटले आणि सगळे सूर्यावरच्या काळ्या डागांच्या एकाच समूहातून, क्रमांक १३६६४, रुंदी पृथ्वीच्या सुमारे १५ पट. मागचे ढग पुढच्यांना गाठत गेले म्हणून वादळ इतकं वाढलं.

आता गंमत बघा, याच समूहातला त्या दिवसांत आपल्याला दिसलेला सगळ्यात मोठा फ्लेअर, एक्स ८.७ (एक्स हा फ्लेअरचा सगळ्यात जोरदार वर्ग), आला १४ मे ला, तेव्हा समूह सूर्याच्या पश्चिम कडेवर पोचला होता आणि त्याचा ढग आपल्याकडे आलाच नाही. फ्लेअरच्या आकड्यावरून वादळ ठरवू नका असं मी म्हणतो ते यामुळेच.

५. कडं सापडलंच नाही तर? एसडीओच्या चित्रात चकतीच्या मध्याजवळ काळा पट्टा शोधा, तो कोरोनल होल. तिथून वेगवान वारा सुटतो, वादळं सहसा लहान होतात पण सूर्य फिरून तोच भाग समोर आला की साधारण २७ दिवसांनी परत येतात, तेव्हा मागच्या महिन्याचा ग्राफ उघडून ताडून बघा.

सरावाला १० ऑक्टोबर २०२४ चं वादळ घ्या, त्यात मुख्य उद्रेक एकच होता त्यामुळे माग काढणं बरंच सोपं जातं.